गेंदालालची पत्रावळ

"दोन देशांच्या भांडणात आमच्या घरी जुना भात. असं कुठं असते का जी?" तुलसाबाई चुलीला विचारत होत्या.

तुलसाबाईंची ही सवय जुनी. नवऱ्याशी बोलायचं ते घरच्या पोवारी बोलीत, गावाशी झाडीबोलीत, आणि ज्याचं उत्तर नको ते चुलीशी. चूल उलटून बोलत नाही. योगेश्वरी हातभर अंतरावर सुपात तांदूळ निवडत बसली होती. तिला शब्द न् शब्द ऐकू आला. पण विचारलं होतं चुलीला, तेव्हा सुनेनं मध्ये तोंड घालायचं कारण नव्हतं. तिनं एक खडा उचलून दाराबाहेर टाकला आणि पुढचा शोधायला लागली.

भात जुना म्हणजे वाईट असं मुळीच नाही. जुना तांदूळ फुलतो, मोकळा होतो, पाहुण्याच्या पानात लोक मुद्दाम तोच वाढतात. पण तुलसाबाईंचे पुढचे दात त्या उन्हाळ्यात गेले होते आणि त्यांचा जीव लोण्यासारख्या मऊ नव्या भातात अडकला होता. घरामागच्या बांधीतलं, म्हणजे भातखाचरातलं, हलकं, लवकर पिकणारं धान दसऱ्यालाच कापून झालं होतं. तांदूळ कांडून, मडक्यात भरून देवापाशी ठेवलेला. दिवाळी येऊन गेली तरी त्याला हात लावायची सोय नव्हती, कारण अजून नवं व्हायचं होतं.

नवं म्हणजे नव्या तांदळाचा पहिला घास. ज्याच्या त्याच्या घरची त्याची रीत वेगळी. छोटेलाल बिसेनांच्या घरची रीत अशी, की त्या दिवशी वाढायला कोणी उभं राहायचं नाही. सगळं आधीच वाढून ठेवायचं आणि घरातल्या झाडून सगळ्यांनी, सासऱ्यापासून सुनेपर्यंत, एका ओळीत बसायचं. थोरल्या मुलानं पहिला घास घेतला की मग बाकीच्यांनी. वर्षातून तेवढा एक दिवस या घरची सून सासऱ्याच्या ओळीत जेवते. आणि ओळीत एक जरी माणूस कमी असलं तर नवं होत नाही. ते माणूस येईपर्यंत घर जुनं खातं.

कमी होता तो तिलक, थोरला आणि एकुलता एक मुलगा, योगेश्वरीचा नवरा. तो बंगलोरला होता आणि फोनवर 'येतो, येतो' म्हणत होता. दरवर्षी दिवाळीपर्यंत यायचा. या वर्षी, दोन हजार अठरा साली, दिवाळीही कोरडी गेली. शेजारच्या केशोरावांच्या घरी नव्याची खीर होऊन आता तिचं कौतुकसुद्धा संपलं होतं.

तिलक विमानांच्या नकाशांच्या ऑफिसात होता. दोन हजार चार साली लग्न झालं आणि तो तिला बंगलोरला घेऊन गेला. तिसऱ्या मजल्यावरचं क्वार्टर. योगेश्वरीचं माहेर चोरखमाऱ्याच्या तलावाकाठचं, तिला आभाळ पाण्यात वाकून बघायची सवय. तिथं ते मान वर करून बघायला लागायचं. संध्याकाळी तिलक यायचा तो चपला काढायच्या आधी तिला गच्चीवर बोलवायचा. वर कुठेतरी एखादं विमान चाचणीला निघालेलं असायचं. तो डोळे मिटून नुसत्या आवाजावरून सांगायचा, आता वळेल, आता आवाज पडेल. तसंच व्हायचं. योगेश्वरीला विमानाचं काही पडलेलं नव्हतं. ती त्याच्या वर केलेल्या मानेकडे बघायची. मान वर करून माणूस इतका सुखी होऊ शकतो हे तिनं तोवर पाहिलं नव्हतं. माहेरी काय, सासरी काय, सगळे पुरुष खाली चिखलाकडे बघून जन्म काढणारे.

रविवारी तो भात लावायचा आणि दर रविवारी त्यात पाणी जास्त व्हायचं. ती तो गिचका खायची आणि झकास झाला म्हणायची. पुढे पुढे तिला तो खरंच आवडायला लागला. इथं गावी मोकळा, फुललेला भात समोर आला की कधी कधी तिला त्या गिचक्याची फार आठवण यायची. हे कोणाला सांगणार? भाताला रडते म्हणतील.

मग अंजू झाली. अंजू चालायला लागली त्या वर्षी इकडे छोटेलालांना लकवा झाला, डावं अंग गेलं. योगेश्वरी रोवणीपुरती आली. रोवणी झाली, निंदण झालं, कापणी झाली. 'राहा' असं तिला कोणी म्हटलं नाही. 'जा' असंही कोणी म्हटलं नाही. बिसेनांच्या घरी मोठे निर्णय असेच होतात.

त्याच सुमारास दोन देशांनी मिळून एक लढाऊ विमान करायचं ठरलं. एक आपला देश, दुसरा रशिया. नकाशे काढणाऱ्यांत तिलकचं नाव लागलं. तो सुट्टीवर आला तेव्हा अंगणात बसून त्यानं बापाला समजावून सांगितलं, की पैसा दोघांचा, डोकं दोघांचं, विमान दोघांचं. छोटेलालांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे साझ्यात का? तिलक म्हणाला, हो, साझ्यातच.

साझा काय असतो ते छोटेलालांना माहीत होतं. तरुणपणी त्यांनी आणि केशोरावांनी साझ्यात धान काढायची मशीन घेतली होती. दुसऱ्याच हंगामात आधी कोणाचं धान काढायचं यावरून जुंपली आणि साझा तुटला. मोटर एकाकडे गेली, पट्टा दुसऱ्याकडे. दोन्ही अजून आहेत. मोटरीवर तुलसाबाईंच्या कोंबड्या बसतात आणि पट्ट्यानं केशोराव गायीचं दार बांधतात. बोलणं मात्र वर्षभरात परत सुरू झालं, कारण तंबाखू एकट्याला खाववत नाही.

आधी छोटा करार होता, नुसत्या नकाशांपुरता. त्यासाठी तिलकला एकट्यानं रशियात जायचं होतं. मोठा करार झाला, की पुढची कित्येक वर्षं तिकडे, आणि तेव्हा बायकामुलांसकट राहायला मिळणार होतं. त्यानं बंगलोरचं क्वार्टर सोडलं, भांडी गावी पाठवली आणि योगेश्वरीला म्हणाला, मोठ्या कराराची सही झाली की तुम्हा दोघींना घेऊन जातो.

तेव्हापासून या घरात सही नावाचा एक देव बसला. अंजूला शाळेत कुठे घालायचं? सही झाली की बघू. ओसरी पाडून खोली काढायची का? सही होऊ दे. योगेश्वरीनं मातामायच्या देवळात नारळ बोलला तोही सहीचाच. मातामायनं आजवर खोकले ऐकले होते, पाऊस ऐकला होता, पोरीबाळींची लग्नं ऐकली होती. दोन देशांची सही तिनं पहिल्यांदाच ऐकली असेल.

रशियातून तिलकचा फोन रविवारी यायचा. तो सांगायचा, की हॉलच्या टोकाला एक दार आहे आणि आपल्या लोकांचे पास त्या दाराला लावले की लाल दिवा लागतो. विमानाचं खरं पोट त्या दारामागे. आपले साहेब म्हणतात, निम्मा पैसा आमचा आणि बघायला मात्र चौकट. त्यांचे साहेब म्हणतात, तुम्ही दर महिन्याला नवी मागणी आणता आणि पैशाचं विचारलं की चहा पाजता. बैठकीत दोन्हीकडचे हसून बोलतात आणि बाहेर आले की आपापल्या भाषेत शिव्या देतात. तिलकच्या शेजारच्या टेबलावर त्यांच्याकडचा एक म्हातारा इंजिनिअर होता. त्याचं नाव गेन्नादी. तो भला माणूस, तिलकला हातमोजे त्यानंच आणून दिले. पण त्याच्यासाठी दिवा हिरवा लागायचा आणि तिलकसाठी लाल.

छोटेलालांनी नाव दोनदा म्हणून पाहिलं. मग म्हणाले, "गेंदालाल म्हणा ना सरळ." आणि रशियन इंजिनिअर त्या दिवसापासून गेंदालाल झाला.

दाराचं मात्र छोटेलालांनी मनाला लावून घेतलं. लकवा झालेल्या माणसाला विचार करायला वेळ पुष्कळ असतो. काही दिवसांनी त्यांनी सगळ्यांना खाटेभोवती बोलावलं. तिलक तेव्हा सुट्टीवर आलेला होता, नवं कालच झालं होतं.

"आपण आपल्या चुलीपाशी परक्याले येऊ देतो का?" त्यांनी विचारलं. "नाही. मग ते कायले येऊ देतीन? आपले लोक माळव्यातून इकडे आले तवा आपणही परकेच होतो. ज्यानं आपलं नवं खाल्लं, तो घरचा झाला. असंच होत आलं हाये. तू गेंदालालले नवं खाऊ घाल. दार आपोआप उघडते."

तिलक हसला नाही. मान खाली घालून 'हो' म्हणाला. तुलसाबाईंनी नव्या तांदळाचं गाठोडं धुवट फडक्यात बांधलं आणि गोंदियाच्या गाडीपर्यंत ते कोणाला जमिनीवर ठेवू दिलं नाही.

गेंदालालनं नवं खाल्लं. दुधात शिजवून, वर लोण्याचा गोळा टाकून, दोनदा मागून खाल्लं. तिलकनं फोनवर हे सांगितलं तेव्हा तुलसाबाई आधी दचकल्या, दुधात का म्हणून. मग म्हणाल्या, खीरच झाली की ती. छोटेलालांचा चेहरा सणासारखा झाला. त्यांनी चांगल्या हातानं फोन कानाशी दाबला आणि विचारलं, "मंग? दार उघडलं?"

योगेश्वरी फोनपाशी कान देऊन उभी होती.

"उघडलं, बाबा," तिलक म्हणाला.

ते खोटं होतं. योगेश्वरीला ते लगेच कळलं. गच्चीवर डोळे मिटून तो जसं आवाजावरून विमान ओळखायचा, तसं एवढं एक तिलाही येत होतं. पण आजारी बापाला आणखी काय सांगणार होता तो? आणि ती तरी काय सांगणार होती? छोटेलालांनी गावभर केलं, की गेंदालाल आपला झाला. पुढच्या वर्षी नव्याच्या ओळीत त्यांनी एक पत्रावळ जास्तीची मांडायला लावली. थोरल्या मुलाच्या शेजारी, कारण पाहुणा त्याचा. त्यापलीकडे सून. असं झालं, की वर्षातून ज्या एका दिवशी योगेश्वरीला नवऱ्याच्या मांडीला मांडी लावून जेवायला मिळायचं, त्या दिवशी मध्ये रशिया येऊन बसायला लागला. जेवणं झाली की गेंदालालचा भात गायीला घालायचे. गाय केशोरावांची. म्हणजे साझा एका अर्थानं चालूच होता.

विमानात आधी दोन जागा होत्या. आपल्या लोकांना दोन जागांचं विमान हवं होतं, आणि तिलककडे जे काम होतं ते मागच्या जागेचंच. पुढच्या माणसाच्या डोक्यावरून मागच्याला दिसणार कसं, त्याची खुर्ची किती उंच, काच कशी वाकवायची. यावर त्याची वर्षं गेली. मग वाद वाढले, वजन वाढतं म्हणाले, खर्च वाढतो म्हणाले, आणि एक दिवस ठरलं, की एकच जागा पुरे.

तो फोन योगेश्वरीला अंगणात आला. खांद्यावर ओले कपडे होते. तिलक म्हणाला, "मागची जागा काढून टाकली."

तिनं विचारलं, "मंग मागचा माणूस कुठं बसते?"

तो बऱ्याच दिवसांनी हसला. "तो बसतच नाही आता."

कपड्यांचं पाणी तिच्या पाठीवरून खाली गेलं. फोन तिनं ठेवला नाही, त्यानंही ठेवला नाही. पैसे संपून तो आपोआप तुटला.

नकाशांचं काम आटपून तो बंगलोरला परत आला. पण क्वार्टर घेईना. कधीही बोलावणं येईल, मोठा करार आता झालाच म्हणायचा, तेव्हा कशाला संसार मांडायचा? दोन पोरसवदा इंजिनिअरांबरोबर एका खोलीत राहायला लागला. मोठे मोठे लोक इकडून तिकडे, तिकडून इकडे गेले, हात मिळवले, आणि दर वेळी 'लवकरच' असं छापून आलं. तिलक फोनवर म्हणायचा, या हिवाळ्यात. हिवाळा यायचा. चोरखमाऱ्याच्या तलावावर लांबून, रशियाच्याही वरून, बदकांचे थवे उतरायचे. माहेरी गेली की योगेश्वरी काठावर बसून त्यांच्याकडे बघायची. त्यांना इकडे यायला कोणाची सही लागत नव्हती.

एकदा तिनं पिशवी भरली होती. अंजूचे दोन फ्रॉक, स्वतःची तीन लुगडी, आणि भाताचं पातेलं. करार होवो न होवो, जाऊन उभं राहायचं. पिशवी दारामागे आठवडाभर होती. तुलसाबाई तिच्याभोवतीनं झाडायच्या, पण पिशवी कशाची ते विचारलं नाही. छोटेलालांनी विचारलं नाही. मग बियाणं आणायला पिशवी लागली, तेव्हा योगेश्वरीनं ती रिकामी करून दिली.

आणि एका वर्षी तिनं मातामायला उलटंच सांगितलं. बाई, सही होऊ देऊ नको. मोडू दे. विमान मोडलं तर माणूस घरी येईल. सांगून झाल्यावर तिला स्वतःचीच भीती वाटली. देशाचं विमान, किती पैशाचं, आणि आपण त्याच्यावर नारळ फोडायला निघालो. घरी येऊन तिनं सगळ्यांना दुप्पट चहा केला.

दोन हजार अठराच्या उन्हाळ्यात विमान मोडलं. आपला देश त्या साझ्यातून बाहेर पडला. रशियावाले आपलं विमान आपण करणार म्हणाले, आपले लोक आपलं करणार म्हणाले. मोटर एकाकडे, पट्टा दुसऱ्याकडे. अंजूनं ते मोबाइलवर वाचलं आणि धावत आत आली. योगेश्वरीनं ओठावर बोट ठेवलं. केशोरावांना तालुक्याला, गोरेगावच्या बाजारात पानठेल्यावर कळलं. ते ओसरीवर येऊन बसले, तंबाखू मळली, कापसाच्या भावाचं बोलले, जो या भागात पिकतही नाही, आणि उठून गेले. छोटेलाल रोज सकाळी रेडिओवर बातम्या ऐकायचे. त्या आठवड्यात रेडिओचे सेल संपले आणि छोटेलालांनी नवे आणायला कोणाला सांगितलं नाही. कोणी आणलेही नाहीत.

तिलक फोनवर पावसाचं बोलायचा. रोवणी किती झाली, पाणी किती आलं, अंजूचा अभ्यास. योगेश्वरी उत्तरं द्यायची आणि वाट बघायची, की आता म्हणेल. आता म्हणेल, झालं ते झालं, मी येतो. नाहीतर म्हणेल, तुम्ही या. पोळा गेला. दसरा गेला. विमान होतं तोवर त्याच्या नसण्याला एक कारण होतं, मोठं, मानाचं, चार लोकांत सांगण्यासारखं. आता कारण गेलं होतं आणि तरी तो नव्हताच. दिवाळीत दिवे लावताना तिच्या मनात पहिल्यांदा आलं, की कदाचित त्याला यायचंच नसेल. तो विचार तिनं तुलसाबाईंसारखा चुलीलासुद्धा सांगितला नाही.

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, आदल्या दिवशी तिलक आला. गोंदियाला रेल्वेतून उतरला, एस.टी.नं गोरेगाव, तिथून केशोरावांच्या मोटारसायकलवर मागे बसून. कानशिलं पांढरी झाली होती. तुलसाबाईंनी त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. सगळ्यांनी गाडीचं विचारलं. गाडीला उशीर झाला का, जागा मिळाली का, रस्त्यात काय खाल्लं. त्या एका गाडीवर अर्धा दिवस गेला. दुपारी तो बांधीकडे गेला, योगेश्वरी भाकर देण्याचं निमित्त करून मागोमाग गेली. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, अंजू त्याला आपली शाळा सांगत होती. तेवढ्यात बिरसीच्या धावपट्टीवरचं एक शिकाऊ विमान घरघरत डोक्यावरून गेलं. अंजूनं वर बघितलं. बांधीत कापणाऱ्या बायांनीसुद्धा विळे थांबवून वर बघितलं.

तिलकनं मान वर केली नाही. तो धानाच्या लोंबीकडे बघत राहिला, आवाज पुरा विरेपर्यंत.

योगेश्वरी भाकरीचं फडकं धरून तिथेच धुऱ्यावर बसली. इतके दिवस तिला वाटत होतं, की हा आपल्याकडे यायला तयार नाही. हा तर कोणालाच तोंड दाखवायला तयार नव्हता. त्या रात्री तो ओसरीवर बापाशेजारी झोपला.

सकाळी नवं मांडलं. पळसाच्या पत्रावळी ओळीनं. छोटेलालांना भिंतीला टेकवून बसवलं. त्यांच्याशेजारी तुलसाबाई, मग तिलक, मग गेंदालालची पत्रावळ, मग योगेश्वरी, मग अंजू. सगळ्यांच्या पानात नव्या तांदळाचा भात, त्यावर तूप, बाजूला खीर. केशोराव घरचे नव्हेत म्हणून बाहेर ओसरीवर बसले होते, नवं झालं की त्यांना आत बोलवायचं होतं. भाताची वाफ रिकाम्या जागेसमोरूनही तशीच वर जात होती.

"गेंदालाल बरा हाये ना?" छोटेलालांनी विचारलं.

तिलक म्हणाला, बरा आहे, रिटायर झाला, नातवंडांत असतो.

"घे मग घास."

तिलकनं घास उचलला. तो तोंडाकडे गेला नाही. त्यानं शेजारच्या पत्रावळीकडे बघितलं, बापाकडे बघितलं, मग खाली बघत म्हणाला, की या हिवाळ्यात परत बोलणी आहेत. होईल काहीतरी.

बाहेर केशोराव खोकले. छोटेलाल बराच वेळ मान हलवत राहिले, हो, हो, होईल, का नाही होणार. तुलसाबाईंनी चुलीकडे तोंड फिरवलं. अंजू आईकडे बघायला लागली. योगेश्वरीला वाटलं, वादळात पडवीचं छप्पर चौघांनी चार कोपऱ्यांत हातांनी धरून ठेवावं, तसे हे सगळे ते विमान धरून उभे आहेत. बाप लेकासाठी, लेक बापासाठी. सगळ्यांचे हात त्यातच गुंतलेले, एकमेकांना लावायला कोणाचा हात मोकळा नाही.

पहिला घास होईपर्यंत ओळीतून उठायचं नसतं. ती उठली नाही. तिनं बसल्या बसल्या गेंदालालची पत्रावळ दोन्ही हातांनी उचलली, एक शीत सांडू न देता पुढे देवाच्या बाजूला सरकवली, आणि रिकाम्या झालेल्या जागेत सरकून नवऱ्याच्या शेजारी बसली. तुलसाबाईंचा हात तोंडाशी गेला. सासऱ्यासमोर असं या घरात कोणी केलं नव्हतं.

"विमान होत नाही जी आता," योगेश्वरी म्हणाली. आवाज रोजचाच होता, तांदूळ निवडताना असतो तसा. "उन्हाळ्यातच मोडलं. मामाजीले माहीत हाये, मायले माहीत हाये. बाहेर केशोराव बसून राहिले, त्याईलेही माहीत हाये. कोणी तुम्हाले त्याचा जाब विचारून नाही राहिलं."

छोटेलालांनी भिंतीला टेकलेलं डोकं मागे घेतलं आणि डोळे मिटले. नाही म्हणाले नाहीत.

तिलकच्या हातातला घास निवला होता. तो तिच्याकडे वळला. इतक्या जवळून तिनं त्याला कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

"मी सहीसाठी थांबली नव्हती," ती म्हणाली. "बंगलोर म्हणा, इथं म्हणा, कुठंही म्हणा. मले तुमच्यासंग राहाचं हाये."